हात बसेपर्यंत छाती शाबूत राहिली पाहिजे

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी विहारातली वंदना आटोपली आणि एक आई आपल्या पोराला हाताला धरून आमच्याकडे घेऊन आली. "जय भीम ताई, जरा याची छाती बघता का? रात्र रात्र खोकतो. ना स्वतः झोपतो, ना आम्हाला झोपू देतो."

मुलगा एकोणीस वर्षांचा. अंगाने बरा. ताप नाही, वजन घटलेलं नाही. दवाखान्यातून दोनदा सर्दीचं औषध आणून झालेलं. शेजारची बाई म्हणाली टीबी असेल, म्हणून घरातले घाबरलेले. थुंकी तपासली होती, त्यात काही निघालं नव्हतं. आम्ही नेहमीचे प्रश्न विचारले आणि शेवटी एक जास्तीचा विचारला, "सुट्टीच्या दिवशी कसं असतं?"

आईच म्हणाली, "आता बघा ना, आज रविवार. काल रात्रीपर्यंत घरघर होती. आज संध्याकाळपर्यंत मोकळा होईल. परवा पुन्हा सुरू."

"काय काम करतोस रे?"

"डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात आहे ताई. चार महिने झाले. आता गन हातात देतात."

वॉर्डातल्या ड्युटीच्या वर्षांत आम्ही शेकडो केस पेपर पाहिले. नाव, वय, पत्ता, धर्म, सगळं लिहिलेलं असायचं. काम काय करतो, ही जागा बहुतेक वेळा कोरी किंवा त्यात 'मजुरी' एवढाच शब्द. इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे डॉक्टर होऊन गेले. त्यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं आणि त्यात सांगितलं, की रोग्याला इतर प्रश्नांबरोबर तुझा धंदा काय हेही विचारा. तीनशे वर्षांनंतरही तो प्रश्न आपल्या दवाखान्यांत विचारला जात नाही. म्हणून तो आपण घरात विचारायला शिकलं पाहिजे. या पानावर आज तेवढ्यासाठीच लिहितो आहोत.

आपल्या वस्त्यांमधून किती पोरं रंगाच्या गनच्या मागे उभी आहेत, जरा मोजून बघा. कोणी गाड्यांच्या गॅरेजात, कोणी ग्रिल-गेटच्या वर्कशॉपमध्ये, कोणी फर्निचरला पीयू आणि मेलामाइन मारायला, कोणी गणपतीच्या आधी चार महिने मूर्तींच्या कारखान्यात. काम हुन्नराचं आहे. चांगल्या ड्यूकोवाल्याला मागणी असते, मान असतो, पैसे मिळतात. आमचा या धंद्याला विरोध नाही. आमचं म्हणणं निराळं आहे. या धंद्यात ज्याला कमी येतं, त्याच्या छातीत जास्त जातं. हात बसायला वर्ष-दोन वर्षं लागतात, आणि तेवढ्या काळात छाती बिघडलेली असते. तेव्हा हात सुधारणं आणि छाती वाचवणं हे दोन निराळे धडे नाहीत. तो एकच धडा आहे आणि तो पहिल्या दिवशीच दिला पाहिजे.

गाळ्यात आम्ही काय पाहिलं

त्या आईबरोबर आम्ही गॅरेजात गेलो. पाऊस आत येऊ नये म्हणून शटर अर्धं खाली. मागे खिडकी नाही. पोरगा एका दरवाजावर गन मारत होता, तोंडाला रुमाल. गन हातभर लांब धरलेली. मनगट पंखा हलवल्यासारखं डावीकडून उजवीकडे फिरत होतं. त्यामुळे दरवाजाच्या मधोमध रंग दाट आणि कडांना विरळ, खरखरीत. उस्ताद ओरडला, "नीट मार, सगळा ड्राय जातोय." पोराने काय केलं? कंप्रेसरचा दाब वाढवला. धुकं आणखी दाट झालं. इतकं, की पलीकडची ट्यूबलाइट पिवळी दिसायला लागली.

उस्ताद खरखरीत दरवाजावरून ओरडला, त्या धुक्यावरून कोणी ओरडलं नाही. आणि दोन्ही एकाच चुकीतून आलेलं होतं. जो रंग दरवाजावर बसला नाही तोच हवेत तरंगत होता, आणि हवेत तरंगत होता तोच पोराच्या नाका-तोंडातून आत जात होता.

जुन्या पद्धतीच्या गनमधून उडालेल्या रंगातला निम्म्याहून जास्त भाग वस्तूवर न बसता वाया जाऊ शकतो. शिकाऊच्या हातात तर आणखीच. हे शेठच्या पैशाचं नुकसान आहे आणि पोराच्या फुप्फुसाचंही. दोघांचा तोटा एकाच जागी आहे, म्हणून इथे दोघांशी बोलता येतं.

हात कसा सुधारायचा

आमच्या वस्तीत पंचवीस वर्षं रंगकाम केलेले एक काका आहेत. आता त्यांना जिना चढताना धाप लागते. त्यांना बरोबर बसवून आम्ही या गोष्टी लिहून घेतल्या. काकांनी हाताचं सांगितलं, आम्ही छातीचं जोडलं.

पहिली गोष्ट, सराव पाण्याने करा. नवीन पोराच्या हातात पहिले पंधरा दिवस थिनरचा रंग देऊच नये. गनमध्ये साधं पाणी भरा, जुना पुठ्ठा किंवा पत्रा भिंतीला उभा करा आणि मारत राहा. पट्टा कसा पडतो, कुठे जास्त भिजतं, कुठे कोरं राहतं, हे सगळं पाण्याने दिसतं. पाणी पचलं की पाण्यात विरघळणारा डिस्टेंपर पातळ करून वर्तमानपत्रावर मारा. रंगाचे पैसे वाचतात आणि चुका करायला भीती वाटत नाही. नंतर गन आतून पूर्ण कोरडी करायला मात्र विसरू नका. एक थेंब पाणी राहिलं तरी पुढचा रंग बिघडतो.

दुसरी गोष्ट, थिनर मापाने. रंग नीट ढवळा, जाळीने गाळा. किती पातळ हवा ते डब्यावर लिहिलेलं असतं. बी-फोर कपात रंग भरून तो खालच्या भोकातून किती सेकंदांत गळतो ते मोजायचं असतं. अंदाजाने थिनर ओतायची सवय वाईट. जास्त झालं की ओघळ येतात. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, थिनर गाडीवर राहत नाही. रंग सुकतो म्हणजे थिनर उडतं. जेवढं ओतलं तेवढं सगळं अखेरीला गाळ्यातल्या हवेत येतं. जास्तीचा प्रत्येक ग्लास आपणच ओढतो.

तिसरी गोष्ट, दाब कमीपासून सुरू करा. ट्रिगर दाबलेला असताना गेज बघा, कारण हवा सुटली की दाब उतरतो. पुठ्ठ्यावर एक झटका मारा. पट्टा वरपासून खालपर्यंत सारखा पडला आणि थेंब बारीक झाले की तिथेच थांबा. थेंब मोठे पडत असतील तर थोडासा वाढवा. त्याहून जास्त दाबाने रंग पत्र्यावर आपटून उलटा अंगावर येतो. एचव्हीएलपी नावाची गन मिळते. तिच्यात हवा जास्त पण टोपीपाशी दाब कमी, साधारण १० पीएसआयच्या आत असतो. तिने धुकं बरंच कमी होतं. गॅरेज नवी गन घेणार असेल तर हीच घ्यायला सांगा.

चौथी गोष्ट, अंतर एक वीत. अंगठा आणि करंगळी ताणा, तेवढं. एचव्हीएलपी असेल तर वितीपेक्षा दोन बोटं कमी. लांब धरलं तर थेंब वाटेतच सुकतो, खरखरीत बसतो, उरलेला हवेत. जवळ धरलं तर ओघळ. संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग आला तर आधी रंगाचा पातळपणा, दाब आणि अंतर तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे चूक कुठे होती ते कळतं.

पाचवी गोष्ट, मनगट बांधून ठेवलंय असं समजा. हात खांद्यातून सरकवा, मोठ्या पॅनलला पावलं टाकून अंगच सरकवा. गन शेवटपर्यंत पत्र्याला काटकोनात राहिली पाहिजे. मनगट फिरलं की दोन्ही टोकांना रंग तिरका जातो, म्हणजे हवेत.

सहावी गोष्ट, कडेच्या थोडं आधी हात सुरू करा, मग ट्रिगर दाबा. कड ओलांडल्याबरोबर सोडा. शिकाऊ मुलं ट्रिगर दाबलेलाच ठेवतात आणि वळताना हवेत रंग मारत राहतात. नुसत्या एवढ्या सुधारणेने बराच रंग वाचतो.

सातवी गोष्ट, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा आणि वेग सारखा ठेवा. एकदम जाड थर मारू नका. पहिला हात हलका, नंतरचे दोन हात भरीव. दोन हातांच्या मध्ये डब्यावर सांगितलेला वेळ थांबा. तो वेळ गाळ्यात टेकून मोबाइल बघण्यात घालवू नका. बाहेर या. पत्र्यावरून थिनर सुटतं ते याच वेळी.

आठवी गोष्ट, वारा पाठीमागून किंवा बाजूने येऊ द्या. समोरून येत असेल तर सगळं धुकं तोंडावर येतं. शटर पूर्ण वर, मागे खिडकी किंवा जाळी असेल तर तीही उघडी. धूळ बसू नये म्हणून चहूबाजूंनी प्लास्टिक लावून त्या तंबूत उभं राहून रंग मारतात, तो प्रकार सगळ्यांत वाईट. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते. तिथे बिडी, स्टोव्ह, वेल्डिंगची ठिणगी, ठिणगी उडणारा साधा पंखा किंवा बटण, काहीही भडका उडवू शकतं. पावसाळ्यात दमट हवेत लॅकरचा रंग पांढरट पडतो हे काका लोकांना माहीत आहेच. अशा दिवशी शटर बंद करून काम उरकण्यापेक्षा घासाई, लांबी, मास्किंगची कामं घ्या. रंगालाही तेच बरं आणि छातीलाही.

शिकाऊच्या वाट्याला येणारी कामं

गन हातात येण्याआधी पोराकडून काय करून घेतात? घासाई आणि गन धुणं. दोन्ही धोक्याची.

घासाईत जुन्या रंगाची धूळ उडते. जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, असा नियम सरकारने २०१६ साली काढला आणि तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पण त्याआधी रंगवलेले ग्रिल, गेट, दरवाजे अजून सगळीकडे उभे आहेत, आणि गाड्या-यंत्रांचे रंग त्या नियमात येत नाहीत. म्हणून कोरडं घासू नका. पाणी लावून पॉलिश पेपर चालवा. धूळ झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा. कंप्रेसरच्या हवेने कपडे झाडणं तर बंदच करा.

गन धुताना मुलं थिनर भरून ते हवेत मारतात. म्हणजे मास्क काढल्यावर, काम संपल्यावर, सगळ्यांत दाट वाफ तोंडासमोर. गन खोलून डब्यात ब्रशने धुवा. आतून मारायचंच असेल तर कमी दाबाने, झाकणाच्या डब्यात, मास्क लावून. हाताला नायट्राइलचे हातमोजे घाला. घरी वापरायचे पातळ रबरी मोजे थिनरमध्ये टिकत नाहीत. आणि हातावरचा रंग थिनरने धुऊ नका. कातडीचं तेल जातं, भेगा पडतात आणि थिनर अंगात शिरतं. खोबरेल तेल चोळून रंग सैल करा, मग साबण लावा.

भिंतींसाठी एअरलेस मशीन आलं आहे, त्याबद्दल एक इशारा. त्यात ३,००० पीएसआयच्या आसपास दाब असू शकतो. टोकावर बोट ठेवलं तर रंग कातडी फोडून आत जातो. बाहेरून सुई टोचल्याएवढंच दिसतं, दुखतही नाही फार. त्याला पट्टी बांधून घरी पाठवलं तर बोट किंवा हात जाऊ शकतो. लगेच मोठ्या रुग्णालयात न्या आणि मशीनचा रंग आत गेला आहे असं स्पष्ट सांगा.

हार्डनरचा डबा

आता सगळ्यांत महत्त्वाचं. गाड्यांचा टू-के रंग, क्लिअर कोट आणि फर्निचरचं पीयू यांत दोन डबे असतात. एक रंगाचा, एक हार्डनरचा. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. ते श्वासातून जातंच, कातडीवरूनही शरीराला बिघडवतं. काहींच्या शरीराला त्याची अशी चीड बसते, की नंतर अगदी थोडं आलं तरी छाती आवळते. त्याला कामातून होणारा दमा म्हणतात. एकदा ही चीड बसली की ती घालवणारं औषध नाही. पंपाने दम्याला आराम पडतो, पण त्या माणसाला हार्डनरपासून कायमचं लांब राहावं लागतं. म्हणजे शिकलेला हुन्नर हातात असून वापरता येत नाही.

याची ओळख कशी पटते? खोकला, छाती भरल्यासारखी वाटणं, शिट्टी वाजणं. बऱ्याचदा कामावर असताना नाही, तर संध्याकाळी किंवा रात्री. आणि सुट्टीला, गावाला गेल्यावर बरं वाटतं. ही शेवटची खूण आयांनो, तुम्हालाच दिसते. डॉक्टरला ती दिसत नाही. केस पेपरवर सांगून लिहून घ्या, "स्प्रे पेंटिंगचं काम, सुट्टीला बरं वाटतं." सरकारी रुग्णालयात फुंकर मारून फुप्फुसाची तपासणी होते, ती मागा. खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल तर टीबीची तपासणीही करून घ्याच. रंगाचं काम आहे म्हणून टीबी नसेल, असं धरून चालू नका.

रुमाल, गूळ आणि सवय

रुमालाने थेंबसुद्धा धड अडत नाहीत, वाफ तर नाहीच. कोविडच्या वेळचा कापडी किंवा निळा मास्क तसाच. एन-९५ धुळीला चालतो, थिनरच्या वाफेला नाही. हवा तो अर्ध्या चेहऱ्याचा रबरी मास्क, दोन्ही बाजूंना कोळशाचे काडतूस म्हणजे ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिज आणि त्यावर धुक्याचा फिल्टर. चेहऱ्यावर घट्ट बसला पाहिजे. काडतुसांवर तळवे दाबून श्वास ओढा, मास्क तोंडाला चिकटला तर बरोबर. दाढी असली की फटीतून वाफ शिरते. काम झालं की मास्क हवाबंद डब्यात ठेवा. खिळ्याला टांगला तर काडतूस गाळ्यातली वाफ रात्रभर पीत राहतं आणि लवकर संपतं. आत वास आला की काडतूस संपलं.

हार्डनरला मात्र हा वासाचा हिशेब लागू नाही. ते घातक प्रमाणात असलं तरी वासाने कळत नाही. त्या कामाला बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मास्क आणि हवा ओढून घेणारा बूथ हवा. ज्या गाळ्यात ही सोय नाही तिथे शिकाऊ पोराने हार्डनरचं काम करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

गुळाबद्दल पुष्कळ ऐकतो. रोज गुळाचा खडा खा, छाती साफ होते. गूळ पोटात जातो, फुप्फुसात नाही. शेठ गुळाची ढेप आणून ठेवतो आणि मास्क आणत नाही, तेव्हा तो स्वस्तात सुटतो. गूळ आवडतो म्हणून खा, औषध म्हणून नको.

तिसरं म्हणजे "सवय होते ताई". पहिल्या आठवड्यात डोकं दुखतं, मळमळतं, नंतर वास येईनासा होतो. ही सवय नव्हे, नाकाने तक्रार करणं सोडलं एवढंच. आतलं काम चालूच असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८९ सालीच रंगाऱ्याच्या कामाची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात केली आहे. घाबरवायला सांगत नाही. रोजच्या थोड्या थोड्या वाफेचा हिशेब वीस वर्षांनी लागतो, म्हणून विशीच्या पोराला आज सांगावं लागतं.

घराच्या दारात

रंगाचे कपडे गाळ्यातच बदलून यावे. ते लहान मुलांच्या कपड्यांबरोबर धुऊ नका. जेवणाआधी, विडी-तंबाखूआधी साबणाने हात धुवा. आणि थिनर पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत घरी कधीच आणू नका. वॉर्डात अशी लेकरं आम्ही पाहिली आहेत. मुलाने प्यायलं तर उलटी करायला लावू नका. उलटी होताना थिनर फुप्फुसात उतरतं आणि तेच जास्त घातक ठरतं. बाटली बरोबर घ्या आणि थेट रुग्णालय गाठा.

खर्च कोणाचा?

काही कार्यकर्ते आम्हाला म्हणतात, "ताई, तुम्ही पोरांना गन मारायला काय शिकवता? शाळा-कॉलेजात पाठवा." शाळा हवीच, त्यात दुमत नाही. पण जो दहावीनंतर गाळ्यात उभा आहे, त्याला उद्या सकाळीही श्वास घ्यायचा आहे. आणि हाताचं काम करणाऱ्याला कमी लेखणं आपल्याला शोभत नाही. आयटीआयमध्ये 'पेंटर जनरल' हा ट्रेड आहे, त्यात प्रमाणपत्र मिळतं. ज्याला या कामाची आवड आहे त्याला आधी तिथे पाठवा. गाळ्यात उपाशीपोटी शिव्या खात शिकण्यापेक्षा ते बरं.

दुसरे म्हणतात, छोटा धंदा आहे, शेठला परवडत नाही. हवेत उडालेला रंग कोणाच्या पैशाचा होता? पंधरा दिवस पाण्याचा सराव दिला आणि वीतभर अंतर शिकवलं, तर वाचलेल्या रंगात मास्क आणि काडतुसं येतात. मास्क पोराने पगारातून आणायचा नाही. तो गन आणि कंप्रेसरसारखाच कामाच्या अवजारांत धरायचा आणि शेठनेच द्यायचा.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याचा पाया त्या काळात घातला गेला आणि १९४८ साली ईएसआयचा कायदा झाला. कामातून होणारा दमा आज कामगारांच्या नुकसानभरपाईच्या यादीत आहे. पण ईएसआय साधारणपणे दहा किंवा जास्त कामगार असलेल्या जागी लागू होतो, पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये. आपली पोरं तिघा-चौघांच्या गाळ्यात असतात. तिथे कायद्याचा हात पोचत नाही, म्हणून तिथे वस्तीचा हात पोचला पाहिजे. एकट्या पोराने मास्क मागितला तर शेठ म्हणतो, "जमत नसेल तर जा." दहा आया मिळून गेल्या तर तो खुर्ची देतो. हे आम्ही पाहिलं आहे.

तेव्हा पोराला रंगाच्या कामाला लावण्याआधी शेठला चार प्रश्न विचारा. पहिले पंधरा दिवस पाण्यावर सराव देणार का? काडतुसाचा मास्क तुम्ही देणार का? शटर उघडं राहणार का? हार्डनरचं काम शिकाऊला देणार नाही ना? चारांपैकी दोनांची उत्तरं 'नाही' आली तर दुसरा गाळा बघा. पहिल्या पगाराची घाई करू नका.

त्या पोराचं काय झालं ते सांगून थांबतो. तपासणीत कामातून झालेला दमा निघाला. टू-के रंग मारायला तो आता उभा राहू शकत नाही. तो दुसऱ्या गाळ्यात आहे, तिथे हार्डनर वापरत नाहीत. घासाई, मास्किंग आणि पाण्यातले रंग करतो. पंप खिशात असतो. चार महिन्यांत जे गेलं ते परत येणार नाही, हे त्याला आम्हीच सांगितलं, आणि ते सांगणं सोपं नव्हतं.

पण दर रविवारी दुपारी तो विहारामागच्या मोकळ्या जागेत येतो. जुने पुठ्ठे भिंतीला लावतो, गनमध्ये पाणी भरतो आणि नव्या पोरांचं मनगट धरून सांगतो, "फिरवू नको. खांद्यातून ने. वीतभर." काका खुर्चीवर बसून चुका काढतात. सहा पोरं येतात. आणखी सहांना जागा आहे. तुमच्या घरात कोणी गन धरायला निघाला असेल तर आधी त्याला तिथे पाठवा.